उन्हानं खाल्लेला सूर्य

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, ताऱ्यांचा. बेटेगावजवळच्या एका शाळेत खिडकीसमोरच्या खिळ्यावर मला टांगलं होतं. नवा होतो तेव्हा माझ्या अंगावर ताऱ्यांची तिरपी रांग होती: वर निळे, मधे पिवळा सूर्य, खाली बारके लाल. ही रांग म्हणजे मुख्य क्रम. पोटातल्या हायड्रोजनचं हेलियम करत ताऱ्यांचं बहुतेक आयुष्य इथंच जातं.

हिमानीबाई सांगायच्या, "बोईसरच्या कारखान्यात लोखंड तापताना आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. निळा तारा त्याहून तापलेला. वजनदार, पण उधळ्या, लवकर संपतो. लाल तो काटकसरी, खूप जगतो."

मुलं टक लावून बघत. मी फुशारून जाई.

दुपारचं ऊन मात्र रोज माझ्यावर पडायचं. त्यानं माझा पिवळा खाल्ला, मग लाल. सूर्य निळसर पांढरा पडला. बाईंना सगळं पाठ, त्या कशाला मागं वळून बघतात?

यंदा पालघरच्या विज्ञान प्रदर्शनात बोलायला एकाला निवडायचं होतं. जिवलीनं माझ्यासमोर बसून तयारी केली. बाईंनी विचारलं, "आपला सूर्य किती जगेल?"

"लवकर संपंल, बाई. निळा हाय ना."

वर्ग फिदीफिदी हसला. भावेश म्हणाला, "बाहेर बघ की, ए येडे."

"सूर्याकडं बघू नका, असा बाईच सांगतात."

बाईंनी पालघरला भावेशचं नाव कळवलं. चूक माझी, आणि मान खाली गेली ती जिवलीची. मला तोंड नाही, हे तेव्हा फार लागलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यावर चिकटवलेलं जुनं वेळापत्रक काढायला बाईंनी तिलाच सांगितलं. त्याखालचा तारा लालभडक निघाला.

"बाई, ह्याला ऊन लागलाच नाय."

बाईंनी वळून माझ्या पांढऱ्या पडलेल्या सूर्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं याच्याकडे पाठ करून शिकवते गं. आता भावेशचं नाव तर पालघरला जाऊन बसलं."

"जाऊ द्या त्याला. लाल तारा सगळ्यात गरम नसतो, तेवढा फक्त त्याला सांगा. त्याला आजून तसाच वाटतं."

भावेश पालघरला गेला. जिवलीनं मला पुन्हा रंगवून बिनखिडकीच्या भिंतीवर टांगलं. धाकट्या मुलांना ती सांगते, सूर्याचं निम्मं आयुष्य अजून बाकी आहे. मुलं माझं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, आम्हा तक्त्यांना सावलीत टांगा. आणि एखादं मूल चुकलं, तर हसण्याआधी एकदा आमच्याकडे बघून घ्या.