बाळंतिणीच्या भिंतीतला महादेव

सन चव्वेचाळीसचा श्रावण. झडीचा अकरावा दिवस. बेंबळीत महांतप्पा वाण्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. का, तर त्याच्या भिंतीतून महादेव येतोय म्हणे. रोज बोटभर वाढतोय म्हणे. मी पंचाक्षरी, गावच्या शाळेचा मास्तर. निजामाच्या हुकमानं पोरांना उर्दूतून हिशेब शिकवून माझं डोकं आधीच भणभणलेलं, त्यात हा नवा महादेव.

भिंत होती बाळंतिणीच्या खोलीची. महांतप्पाचं घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. एकीत मिठा-गुळाची पोती, दुसरीत बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची लेक गिरिजा आणि तिचं महिन्याचं बाळ. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून एकुलती एक खिडकी चिंध्या कोंबून बंद केलेली. आंघोळीचं कढत पाणी तिथल्याच मोरीत ओतायचं, लंगोट तिथंच दोरीवर टाकायचे, खाली शेगडी. वाफेनं भिंतींना घाम फुटायचा आणि लंगोट काही वाळायचे नाहीत. बाळ रात्रंदिवस खोकायचं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डे पडायचे.

त्या खोकल्यासाठी ईट गावाहून जलानंद महाराजांना आणलं होतं. महाराजांनी भिंत हुंगली, डोळे मिटले आणि सांगितलं, "या भिंतीत शंभू अडकलाय. तो सुटायला धडपडतो, म्हणून लेकराला धाप लागते. सात दिवसांत प्रगट होईल. तोवर खिडकी उघडाल, तर तो निघून जाईल आणि जाताना लेकराचा श्वास घेऊन जाईल."

झालं. कोणाची छाती आहे खिडकी उघडायची?

रोज सकाळी गिरिजेला बाळासकट पोत्यांच्या खोलीत बसवायचं आणि महाराज आत एकटे पूजेला. देवाला नैवेद्य फक्त तांब्याभर भाताच्या पेजेचा. तूप, नारळ, लुगडी हे सगळं महाराजांच्या बिऱ्हाडी जायचं. विरक्त माणूस, तेवढं सोसायचा बिचारा.

सातव्या दिवशी पिंड उमटली. काळी-हिरवी, शाळुंकेसकट, वर मऊ लव. आठव्या दिवशी गाव लोटलं.

"महांतप्पा, ही बुरशी हाय," मी म्हणालो. "त्या लेकराला आधी मोकळ्या हवेत आणा."

"मास्तर, तुमी पोरास्नी पाढे शिकवा," महांतप्पा म्हणाला. "बुरशी कधी शाळुंका काढती व्हय?"

बुरशी पिंडीच्या आकारात का वाढावी, हे मला सांगता येईना.

तेवढ्यात मागून परटीण अयोध्याबाई पुढं आली. बाळंतिणीची धुणी तीच न्यायची. तिनं थेट गिरिजेच्या आईला विचारलं, "सिद्धम्माबाई, म्हाराज ती पेज पितात का वं?"

"तर. तांब्या रिकामाच येतोय की."

"मग पोत्याच्या खोलीतलं भिंतीकडचं मिठाचं पोतं जरा सरकवा."

दोघांनी पोतं ओढलं. मागच्या ओल्या भिंतीवर काळं-हिरवं गाढव उभं होतं. चार पाय, शेपूट, वर तश्शीच मऊ लव.

महाराज क्षणभरच गडबडले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "शीतळामाता! साक्षात मातेचं वाहन!" दोन म्हाताऱ्यांनी लगेच गाढवाला हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"कशाचं वाहन?" अयोध्याबाई म्हणाली. "ते माजं गाढव हाय. उजवा कान फाटल्याला बगा, लांडग्यानं तोडल्याला. समदं गाव वळखतंय त्याला. पाच दिसांमागं धुणं न्यायला आले, तवा पोतं वाईच सरकवलं आन् कांजीत चिंधी बुडवून म्याच काढलं. चाळीस वर्सं कापडाला कांजी करतीय म्या. कांजीचं धोतर वलसर घडी करून ठिवलं, की चार दिसांत बुरशी. कोरडं ठिवलं, की काय बी न्हाय. आन् पेज म्हंजी तरी काय, कांजीच की. म्हाराजांच्या बोटावर वाळल्याली बगितली, तवाच मला कळलं, पिंड कोन काढतंय ते."

आधी पोरं हसली, मग बायका, मग महांतप्पाचे शेजारी. महाराजांचा चेहरा लाल झाला. ते बाळंतिणीच्या दारात आडवे उभे राहिले. "पिंडीला जो हात लावील, त्याचा निर्वंश होईल."

हसू जागच्या जागी थांबलं. महांतप्पा मागं सरला. अयोध्याबाईनंही पुढं टाकलेला पाय मागं घेतला. तिलाही नातवंडं होती. आतून बाळाचा खोकला ऐकू येत होता.

आतली गिरिजा बाजेवरून उठली. भिंतीला धरत दोरीपाशी गेली, एक ओला लंगोट ओढला आणि पिंड पुसून काढली.

"गिरिजे, अगं लेकराचं काय हुईल?" सिद्धम्मा रडायलाच लागली.

"अव्वा, लेकराचं काय व्हायलंय ते आठ दिस बघतीय की मी," गिरिजा म्हणाली. तिनं लंगोट हुंगला, आंबूस पेजेच्या वासानं तोंड वाकडं केलं आणि तो महाराजांच्या पायाशी टाकला. मग खिडकीतल्या चिंध्या एकेक करून उपटल्या. या गडबडीत महाराज कधी सटकले ते कळलं नाही. तुपाचा डबा मात्र न विसरता नेला.

पुढचं काम साधं होतं. लंगोट बाहेर पडवीत वाळायला गेले, मोरीचं पाणी बाहेर. भिंत खरवडून चुना दिला, तोही लेकराला शेजारी हलवून. कोपऱ्यात कळीच्या चुन्याचं मडकं ठेवलं, तो हवेतली ओल ओढतो. धाराशिवच्या डॉक्टरांना बाळ दाखवलं. खोकला एका दिवसात गेला नाही, तीन आठवडे लागले. एका दिवसात बरं करतो म्हणणारा माणूस आला, की आधी त्याची बोटं बघा. आणि बायांनो, बाळंतिणीला पांघरूण घाला, पण खोलीचा श्वास कोंडू नका.

महिन्यानं सिद्धम्मानं मला दारात गाठलं. नातू तिच्या कडेवर झोपला होता, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. ती हळूच म्हणाली, "मास्तर, समजा ते म्हाराज खरे असते तर?"

"खरे असते," मी म्हणालो, "तर आल्या आल्या त्यांनी खिडकी उघडली असती."