आधी हिचे दात बघा

ठकीचा गाल रातोरात टम्म सुजला, आणि बाप म्हणतो कसा, "अगं, दुधाचेच दात ते. पडायचेच आहेत. बाजार उरकला की बघू." एवढं बोलून स्वारी शेळ्यांच्या बाजाराला निघूनही गेली! ठकीच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघू म्हणे! दाताचा दवाखाना तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, टेम्पोची किल्ली ह्यांच्या खिशात, आणि पोर इकडे तापानं फणफणलेली.

तिनं ठकीला काखोटीला मारलं आणि तरातरा बाजाराची वाट धरली. राग स्वतःचाही काही कमी नव्हता. कितीतरी दिवस पोर घास गालात धरून बसायची आणि ही पाठीत धपाटे घालायची, "नाटकं करू नकोस, गीळ!" रोज रात्री साखर घातलेलं दूध पाजून, साधी चूळही न भरता झोपवणारीही हीच. पोर गप झोपतेय ना, मग झालं!

बाजारात नवरा घोळक्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या नजरेवर अख्खा बाजार डोळे झाकून विश्वास ठेवायचा. शेळीचा जबडा धरायचा, अंगठ्यानं ओठ खाली ओढायचा आणि दात बघून वय सांगायचं. दात किडका निघाला की एकच बोलणं, "परत पाठवा. काही कामाची नाही." आत्ताही तो तेच म्हणत होता.

"सोडा ती शेळी," ठकीची आई कडाडली. "आधी हिचे दात बघा."

"अगं, चारचौघांत काय हे?"

"चारचौघांतच! बाजारातल्या प्रत्येक जनावराच्या तोंडात हात घालता, पोटच्या पोरीच्या तोंडात कधी डोकावलात? मीही मेली नाही डोकावले. पण आता बघा!"

"बघा की शेठ, दोन दाती आहे की चार दाती!" कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिनं असं काही बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

बापानं हनुवटीला हात लावला तशी ठकीनं ओठ घट्ट मिटले. मान हलवून हलवून ती रडायला लागली. शेवटी आईनं जवळ घेतल्यावर तोंड उघडलं, तर भपकन वास आला. दाढ हिरडीपर्यंत काळी पडलेली, आणि मुळाशी पू. बापाचा चेहरा खर्रकन उतरला.

"एवढं दुखत होतं, तर बोलली का नाहीस गं?"

ठकीनं मघाच्या शेळीकडे पाहिलं. मालक तिला दोरीनं ओढत परत नेत होता.

"मग तुम्ही मला पण परत पाठवलं असतं ना, बाबा?"

ठकीच्या आईच्या जिभेवर अजून ढीगभर शिव्या होत्या, पण त्यातली एकही बाहेर पडली नाही. तिनं त्याच्या खिशातून किल्ली ओढून काढली आणि त्याच्याच हातावर आपटली.

"चला आता," ती म्हणाली. "आणि वाटेत तिला सांगा, आपण पोरं परत पाठवत नाही म्हणून."