झोळीतला घड

रिकाम्या बसलेल्या माणसाचा किरणला मनस्वी राग यायचा. जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा हात थांबलेला कुणी पाहिला नव्हता. चहासुद्धा तो उभ्यानेच घशाखाली ढकलायचा. आणि अशा माणसाच्या डोक्यावर मालक असलेल्या योगराजशेठनी ज्योत्स्नाताईंना आणून बसवलं, म्हणजे शेठचीही कमालच.

ताई धुळ्याच्या. आल्या आल्या त्यांनी एक नियम काढला. दुपारच्या चहानंतर मशिनं बंद. फोन आत ठेवायचे, खुर्च्या दारात मांडायच्या, कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दारातल्या कडुलिंबाची सावली उंबऱ्याला टेकली की उठायचं.

"बसून करायचं काय, ताई?" किरणने विचारलं होतं.

"काही नाही. तेवढंच आपल्याला जमत नाही."

ड्रॉइंग काढणारी रूपाली बसली, वेल्डिंग करणारा चंदन बसला. किरणही बसला, कारण नोकरी होती. पण डोळे जमिनीवर लावून तो मनातल्या मनात नटबोल्ट पिळत राहायचा. देह खुर्चीत आणि जीव गाड्यात.

गाडा म्हणजे केळीचे घड शेतातून रस्त्यापर्यंत नेण्याचा गाडा. किरणच्या वडिलांनी, हिलालआबांनी, उमेदीची सगळी वर्षं रावेरकडे डोक्यावर घड वाहण्यात घालवली होती. आता त्यांची मान पुरती वळत नव्हती. कुणी मागून हाक मारली की ते अख्खे फिरत. यापुढे कुणाच्या मानेवर घड येऊ नये, एवढीच किरणची हौस होती आणि तिच्यापायी तो सगळ्यांचा जीव खात होता.

गाडा पळायचा छान, पण सरीवरंब्यांतून हिसके बसले की घड घासायचा. फोम लावून पाहिला, गोणपाट झालं, रबर झालं. एकदा तर चाचणीनंतर घड हिरवागार दिसला म्हणून किरणने त्याच संध्याकाळी पेढे वाटले. केळीच्या मुलखात राहून कुणी करू नये अशी ती चूक. घासल्याचा डाग केळीवर लगेच दिसत नाही, तो सावकाश वर येतो. सकाळी चंदनने ताडपत्री काढली आणि सगळाच घड डागाळलेला बघून तोंड फिरवलं.

"भाऊ, बठ्ठं काळं पडनं."

शेठ पेढा खाऊन बसले होते, त्यामुळे ते जास्तच चिडले. एक शेवटची चाचणी, म्हणाले. तेव्हाही डाग दिसला तर गाडा भंगारात जाईल आणि तुम्ही सगळे माझ्या पाइपच्या गोदामात. त्या दिवशी किरण जेवला नाही.

आणि अशा वेळीही ताईंनी दुपारी मशिनं बंद केली. किरण खुर्चीत येऊन आदळला. आज त्याच्या डोक्यात नटबोल्टही उरले नव्हते. सगळं करून झालं होतं. मग करायला काहीच नाही म्हणून त्याने पहिल्यांदा मान वर केली.

समोर एक बांधकाम चालू होतं. परांचीच्या बांबूला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि झोळीत मूल होतं. त्याची आई विटा वाहताना जाता-येता दोरीला एक झोका देत होती. तेवढ्यात खडीने भरलेला डंपर खड्ड्यातून गेला. शेडचा पत्रा थरथरला, खुर्च्या हादरल्या, परांची करकरली. झोळी नुसती हलली.

"झोका हलस, पन पोर जपेल शे," चंदन कौतुकाने म्हणाला. एवढ्या हादऱ्यात पोर झोपलेलंच होतं.

"कापड अंगाबरोबरच जातंय ना त्याच्या," रूपाली हळू आवाजात म्हणाली. "घासायला आहेच काय?"

किरण खुर्चीच्या कडेला सरकला. "आपण घड ठेवत होतो," तो म्हणाला. "तो टांगायला हवा."

"झाडवर बी तो टांगेलच ऱ्हास, भाऊ," चंदन म्हणाला.

किरण ताडकन उठला. ताईंनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. सावली अजून हातभर लांब होती. "बसा," त्या म्हणाल्या.

एरवी किरणने खुर्ची फेकली असती. पण तो बसला, आणि नंतर आयुष्यभर त्याला नवल वाटत राहिलं ते याच हातभर सावलीचं. झोळी येत होती, जात होती. सावली टेकता टेकता रूपालीच म्हणाली, "गाड्यात झोळ्या एकमेकींवर आपटतील. मध्ये कापडाचा पडदा सोडावा लागेल." त्या थांबण्यातून ही गोष्ट आली नसती तर शेतात पहिल्याच हिसक्याला घड घडावर आपटला असता. कल्पना नक्की कुणाची, हे किरणला शोधूनही सापडेना. चौघांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती आपोआप येऊन बसली होती. त्याला ते सगळं देवाच्या दारातल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

गाड्यात झोळ्या टांगून चाचणी झाली. संध्याकाळी घड हिरवा होता. शेठ बातमी कळवायला फोन लावू लागले, तर किरणनेच हात जोडले. "सकाळी, शेठ."

सकाळी शेठ आले तेव्हा घडावर ताडपत्री तशीच होती आणि चौघं दारात खुर्च्या टाकून बसली होती.

"उघडा की. वाट कुणाची बघताय?"

"तुमचीच. आधी बसा," किरण म्हणाला आणि त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. शेठ कुरकुरत बसले. थोड्या वेळाने चंदनने ताडपत्री ओढली. घड नखशिखांत हिरवा होता. किरणने एकेका फणीवरून हात फिरवला. आबांची मान त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि घड धूसर दिसायला लागला.

"हे सुचलं कुठून तुम्हाला?" शेठनी विचारलं.

किरणने समोर बोट केलं. विटा वाहणाऱ्या त्या आईने दिलेल्या झोक्याने झोळी हलत होती.

"ही बाई कधीपासून आहे इथे?"

"आम्ही पेढे वाटले तेव्हाही होती, शेठ. आम्हीच नव्हतो."

शेठ त्या झोळीकडे बघत राहिले. खिशातला फोन वाजायला लागला, तो त्यांनी न बघताच बंद केला.