मागे घर नसलेला दरवाजा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक दरवाजा डोळ्यांसमोर आणा. ठेंगणा, निळ्या रंगाचा, कडेला पोपडे निघालेला. त्याची पितळी मूठ तुमच्या हाताला सहज लागेल अशी. आता तो एका मोठ्या खोलीच्या मधोमध उभा करा. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे भिंत नाही, मागे घरही नाही. केला उभा? तोच मी. मी एक जुना दरवाजा आहे आणि एका बालवर्गात राहतो.

आधी मी एका कपाटाचे दार होतो. कपाट वाळवीने खाल्ले, मी तेवढा वाचलो. सुतारकाकांनी मला रंधा मारला, चौकटीत बसवले, खाली जाड पाय लावले. कुणाचे बोट चेमटू नये म्हणून बिजागरीच्या फटीवर कातड्याची पट्टी ठोकली.

"बाई, दार झकास झालंय. पण बसवायचं कुठे?" त्यांनी वर्गाच्या बाईंना विचारले.

"कुठेच नाही. असंच उभं राहू दे."

"अहो, मग ते उघडणार कशात?"

"ते मुलं ठरवतील," बाई म्हणाल्या. काका कानावरची पेन्सिल चाचपत, मान हलवत निघून गेले.

आणि मुलांनी ठरवले! सकाळी मी दवाखान्याचा दरवाजा असे, जरा वेळाने बसचा, मग राक्षसाच्या गुहेचा. माझ्या दोन्ही बाजूंना मुलांना भिंती स्पष्ट दिसत. मोठ्या माणसांना त्या दिसत नसत. एकदा एक पाहुणे माझ्या बाजूने सरळ चालत आले, तर सगळा वर्ग ओरडला, "अहो, भिंतीतून काय येताय? दारातून या!" बिचारे मागे फिरले आणि वाकून टकटक करू लागले.

"कोण आहे?"

"मी पाहुणा."

"पाय पुसून या!"

माझ्यापाशी मुले थांबायला शिकली, "आत येऊ का?" विचारायला शिकली, आत आणि बाहेर यांतला फरक शिकली. फळ्यावर कुणी काही लिहून दिले नव्हते. तरी एका वर्षी पालक कुरकुरले, "नुसतं दार उघडतात नि लावतात, शिकतात कधी?" मग मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले. मित्रांनो, दरवाज्याला भिंतीकडे बघत राहणे किती जड जाते, ते कसे सांगू! शेवटी बाईंनी त्या पालकांना एक अख्खी सकाळ वर्गात बसवले, मुलांचा खेळ पाहायला लावला, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

त्यानंतर आली बटण. दिवसभर फ्रॉकचे वरचे बटण पिळत बसे, म्हणून सगळे तिला बटण म्हणू लागले. तिची आई बेकरीत नुकतीच कामाला लागली होती. रोज सकाळी बटण आईच्या पायांना मिठी मारी आणि ती सोडवता सोडवता आईला उशीर होई.

"आता पुन्हा उशीर झाला तर येऊच नका, असं सांगितलंय मालकांनी," एका सकाळी आई रडवेली होऊन बाईंना म्हणाली. "ही दुसरीकडे बघत असली की मी हळूच सटकू का?"

"नको हो. मग तर तिची नजर दारावरून हलणारच नाही. सांगूनच जा."

आईने बटणचा पापा घेतला, "येते हं, सोन्या," म्हणाली आणि गेली.

बटणने भोकाड पसरले. खूप रडून झाल्यावर ती हुंदके देत म्हणाली, "आई खोटं बोलते. येते म्हणते आणि जाते!"

मदतनीस मावशींना हसू आवरेना. "अगं वेडाबाई, जाताना 'येते'च म्हणायचं असतं!"

बटण आणखीच गोंधळली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने बटण उठली. बाईंची पर्स खांद्याला लावली, ती तिच्या घोट्यापर्यंत लोंबत होती. "मी आई. तू बाळ. तू रड," तिने हुकूम सोडला.

बाई रडू लागल्या. "येते हं," म्हणत बटण माझ्यातून बाहेर गेली, मला लावून घेतले आणि लगेच उघडून ओरडली, "आले!" बाळ हसले. बटणने पुन्हा तेच केले. मग पुन्हा. दर खेपेला ती माझ्यामागे थोडी जास्त थांबू लागली. पलीकडे ती खोटे खोटे पाव भाजत होती, फू फू करत होती.

एकदा ती परत आली, तर बाळ रडत नव्हते. ते ठोकळ्यांचा पूल बांधत होते.

"तू रडत का नाहीस?" बटण चिडली.

"तू येणार आहेस, मला माहितीये. येते म्हणाली होतीस ना?"

माझी मूठ तिच्या हातातच राहिली. ती एकदा माझ्या अलीकडे बघे, एकदा पलीकडे. मित्रांनो, असे एखादे मूल गप्प उभे दिसले तर त्याला हाक मारू नका, घाई करू नका. खेळात अडकलेल्या मुलाचे फार मोठे काम चाललेले असते. आम्हां जुन्या खेळण्यांचा रंग उडाला तरी चालेल, पण त्या कामात मोडता घालू नका, एवढेच मागणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. वर्गाच्या खऱ्या दारात ती उभी राहिली. पाय निघायला अधीर झालेले, पण नजर बटणवर. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी पाहत होतो.

"येते हं," आई कशीबशी पुटपुटली.

बटणने फ्रॉकचे वरचे बटण एकदा पिळले.

"ये," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी जोर लावून तिने ते भलेमोठे दार आतून स्वतःच लावून घेतले.