गुलाबी बाटल्या

नंदुरबारच्या बाजारात नासिरचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे हाताने फिरवायचं एक यंत्र आणि मागच्या खोलीत पाक करणारी त्याची बायको हलीमा. १९३६च्या वैशाखात रनाळ्याचे चुडामण पाटील पोरीच्या लग्नासाठी बारा डझन लेमनच्या बाटल्या सांगायला आले. बरोबर बायको, छबूबाई.

"साखर अन् पानी," पाटील म्हणाले. "बाकी काहीच नको टाकू. माले भेसळ चालत नही."

"पाटील, लिंबूसत नही टाकं ते पाक दोन दिनमां आंबी जास," नासिर म्हणाला. "वऱ्हाडी लेमन पितीन अन् तोंडले मोहाना वास ई."

दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे पाटील घाबरले. लिंबूसत मंजूर झालं. वासापुरता लिंबाचा अर्कही मंजूर झाला. रंगापाशी मात्र गाडं अडलं.

"रंग कसाले? जीभले काय डोया शेतस?" जिभेला कुठे डोळे असतात, असं पाटलांचं म्हणणं.

पाटील बैल जुंपायला बाहेर गेले, तशी छबूबाई मागच्या खोलीत शिरली आणि हलीमाला हळूच म्हणाली, "सहा डझनमां रंग टाक. मी शे ना."

लग्नाच्या दिवशी नासिरने मांडवात सहा डझन पांढऱ्या आणि सहा डझन गुलाबी बाटल्या उतरवल्या. पाटलांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण व्याह्यांसमोर बोलणार काय?

नवरदेवाची मावशी धनुबाई पांढऱ्या बाटलीचा एक घोट घेऊन थांबली. "निस्तं पानी शे हाई." मग तिने गुलाबी घेतली. "हाई खरं लेमन. गुलाबना वास बी शे."

गुलाब कुठेच नव्हता. नासिर मान खाली घालून गोट्या दाबत राहिला. बघता बघता जो तो गुलाबीच मागू लागला. पांढऱ्या बाटल्या पाण्याच्या टपात तशाच पडून राहिल्या.

पाटलांनी नासिरला बाजूला घेतलं. "गुलाबीमां साखर जास्त टाकी का तू?"

"एकच पाक शे, एकच माप."

पाटलांना पटेना. छबूबाईने त्यांना नासिरदेखत चुलाण्यामागे बसवलं, त्यांच्याच उपरण्याने डोळे बांधले आणि एक पांढरा, एक गुलाबी असे दोन पेले हातात दिले. पाटलांनी दोन्ही चाखले, पुन्हा चाखले.

"हाई गुलाबी," ते ठामपणे म्हणाले. "गोड शे."

उपरणं सुटलं. त्यांनी गुलाबी म्हटलेला पेला पांढरा होता. छबूबाईने पदर तोंडाशी धरला. पाटलांनी पेला खाली ठेवला. रागावले असतील असं नासिरला वाटलं. पण ते उठले, टपातून दोन पांढऱ्या बाटल्या काढल्या आणि थेट धनुबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"पांढरी सर्वास्ले देतस नही," ते हळू आवाजात म्हणाले. "खास नवरदेवना घरना लोकेसकरता शे."

धनुबाईने घोट घेतला, डोळे मिटले. "हं. हाई जरा भारीच शे."

नासिरला मग मान वर करायला फुरसत मिळाली नाही. दिवस कलायच्या आत टप रिकामा झाला.