एमलिनचा पांढरा कोट

साउदॅम्प्टनहून बोट सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. आज रात्रीच्या जेवणाला औपचारिक पोशाख. पुरुषांनी गडद सूट किंवा डिनर जॅकेट, गळ्याला बो टाय. बायकांनी लांब गाऊन. ज्यांना नटायचं नसेल त्यांनी वरच्या मजल्यावर बुफेत जेवावं.

मी वरच जायचं ठरवून टाकलं होतं. पण एमलिनने चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाला, "ग्लेनिस, माझा पांढरा कोट आणलायस ना?"

"आणलाय."

"मग वर कशाला? खालीच जाऊ, थाटात."

कोट आहे हे त्याला आठवलं, एवढ्यावरच मी विरघळले.

डॉक्टरांनी त्याच्या आजाराला नाव दिलं त्याला दीड वर्ष झालं होतं. स्वान्सीत आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोटीच्या कंपनीला नव्हतं. फॉर्मवर 'प्रवाशाला स्मृतीचा काही आजार आहे का' असं विचारलं होतं, आणि मी 'नाही'वर खूण केली होती. आमची मुलगी नेरिस म्हणाली होती, "आई, घरात बाबा हरवले तर शेजारी तरी आहेत. समुद्रात कुणाला हाक मारशील?" त्यानंतर दोन आठवडे मी तिचा फोन घेतला नव्हता.

संध्याकाळी सात वाजता मी आधी त्याला तयार केलं. आता कपडे हीच आमची रोजची लढाई होती. पायजम्यावर पँट, शर्टावर शर्ट, असं काहीही तो चढवून बसे. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखा उभा राहिला. मी बटणं लावली, बो बांधला. गळ्याशी बोट घालून तो म्हणाला, "काचतोय."

"तासाभराचा प्रश्न आहे. आता पलंगावर बस. उठू नकोस. मी गाऊन घालून येते."

न्हाणीघरात गाऊनची चेन पाठीच्या मध्यावर अडकली. तिच्याशी झटापट करण्यात पाच मिनिटं गेली असतील, जास्त नाही. बाहेर आले तर पलंग रिकामा आणि केबिनचं दार सताड उघडं.

मी तशीच धावले, अनवाणी, पाठ उघडी. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे एकसारखी दारं. "एमलिन, अरे एमलिन." कुणी ओ दिली नाही. बोळाच्या टोकाला जाड दार होतं, ते ढकललं तर थेट बाहेरच्या डेकवर. जूनचा उजेड अजून होता, पण वारा असा की डोळे उघडेनात. डेकवर चिटपाखरू नव्हतं. सगळे आत नटत होते, नाहीतर जेवायला बसले होते.

कठड्याच्या पायाशी काहीतरी काळं फडफडत होतं. वाकून उचललं. त्याचा बो होता.

कठडा माझ्या छातीपर्यंत येत होता, आणि एमलिन माझ्याहून वीतभर उंच. खाली पाहिलं. पाणी करडं, बोटीच्या अंगाला घासत मागे पळत होतं. पाच मिनिटांत बोट किती पुढे जाते? मला हिशेब जमेना.

आता जे सांगते ते मी नेरिसलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मी तिथे उभी राहिले, बो मुठीत धरून, आणि माझ्या मनात आलं, कुणाला सांगितलं तर माझा खोटेपणा उघडा पडेल. पुढच्या बंदरात उतरवतील आम्हाला. हे माझ्या मनात आलं, माणूस कदाचित पाण्यात असताना. किती वेळ? दोन श्वास असतील. त्या दोन श्वासांची मला समुद्रापेक्षा जास्त भीती वाटते.

मग मी आत धावले आणि समोर आली तिचा दंड धरला. आमच्याच टेबलावरची रोझलिंड होती, मोत्यांच्या तीन माळा घातलेली. आदल्या दिवशी एमलिनने सूपमध्ये काटा बुडवला तेव्हा तिने भुवई उंचावली होती.

"माझा नवरा सापडत नाही. त्याला विसरायचा आजार आहे. मी लपवलं."

तिने भिंतीवरचा फोन उचलला, कुणाला तरी बजावलं, "ताबडतोब या," आणि मला वळवून एका झटक्यात चेन वर ओढली. "उभी राहा नीट. आता तू पडून चालणार नाही, बाई."

दोन मिनिटांत एक तरुण अधिकारी बाई आली. "अंगावर काय होतं?"

"पांढरा कोट, काळी पँट."

तिचा चेहरा उतरला. "आज आमचे सगळे वाढपी त्याच वेषात आहेत. सत्तरेक जण." तिने कॅमेरे पाहायला सांगितलं, डेकवर माणसं धाडली, आणि बोटीचा वेग कमी करायला सांगू का, असं कुणालातरी हळू आवाजात विचारलं. ते मला ऐकू आलं.

तेवढ्यात तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर आवाज आला. आमच्या टेबलाचा वाढपी, रोडेल. "मॅडम, मुख्य भोजनगृहात एक आजोबा आहेत. आमच्यातले नाहीत, पण पाव वाढतायत."

जिना कसा उतरले, आठवत नाही. शेकडो माणसं, झुंबरं, चकाकणारे गाऊन, आणि मधोमध एमलिन, पावांची टोपली छातीशी कवटाळून. एक गृहस्थ त्याला झापत होते, "अर्ध्या तासापूर्वी वाइन सांगितली होती. झोपलात की काय?"

"आणतो साहेब," एमलिन म्हणाला आणि जागचा हलला नाही. रोडेलने अलगद टोपली त्याच्या हातातून घेतली आणि त्या गृहस्थांना म्हणाला, "साहेब, हे आमचे पाहुणे आहेत." गृहस्थांची मान खाली गेली.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, अदबीने.

"बाई, माझी बायको पाहिलीत का? ती इथे जेवायला येणार होती. मी तिला शोधतोय, पण जो तो मला पावच मागतो."

"कशी दिसते ती?"

"हिरवा गाऊन आहे तिचा." मग माझ्या गाऊनकडे पाहून म्हणाला, "तुमच्यासारखाच."

आतापर्यंत वाटत होती ती भीती पाण्याची होती. ही वेगळी होती. हिला कठडा नव्हता.

"येईल ती," मी म्हटलं. "तोवर माझ्यासोबत बसा." मी त्याला 'बसा' म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा.

रोझलिंडने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तिच्या नवऱ्याने स्वतःचा बो सोडून खिशात टाकला. एमलिनने सूप चमच्याने प्यायलं, मासे संपवले, आणि दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत राहिला. मी त्याच्या बाजूला बसून त्याच्या बायकोची वाट पाहत होते.

सकाळी त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "ग्लेनिस, चहा आलाय का?" मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

नंतर मी बोटीच्या डॉक्टरांकडे गेले, फॉर्म दुरुस्त केला. त्यांनी मला ओरडावं असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत. केबिनच्या दाराला घंटी बसवली आणि म्हणाले, एकटं सोडायचं नाही, नाहीतर पुढच्या बंदरात, नॉर्वेतल्या बर्गनला उतरावं लागेल.

मग नेरिसला फोन केला. बो सापडला, एमलिन सापडला, सगळं सांगितलं; मधले दोन श्वास सोडून. तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"ओरड की," मी म्हटलं.

"बर्गनला बोट कधी लागते?"

"परवा सकाळी."

"मी विमानाने येते. एवढ्या दोन रात्री काढ, आई. बाबांना फोन दे."

एमलिनने फोन कानाला लावला. "कोण बोलतंय?" त्याने विचारलं, आणि तिकडून ती काय म्हणते ते मी फोनजवळ कान नेऊन ऐकत राहिले.