पिंजऱ्यात दिलेला हात

लालबागच्या चाळीत शांताबाई घावणे काढत होत्या आणि त्यांची सून अक्षदा खिडकीशी बसून डाव्या हातावर आमसूल चोळत होती. मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद गांध्या उठल्या होत्या.

"अगो, हात आसा की चाळण?" शांताबाईंनी उलथनं रोखलं. "पोटुशी बाईक डासांच्या पुढ्यात बसवतत. ह्यां कसला तुमचा शिकाप?"

"आई, हळू. सगळ्या माळ्याला ऐकू जाईल."

"मग सांग तुझ्या सरांक, दिवस गेलेत म्हणान."

"सांगितलं तर सगळंच संपलं."

शांताबाईंचं उलथनं खाली आलं. या घरातली पहिली डॉक्टरेट होती ती. "नको तर सांगू," त्या हळूच म्हणाल्या. "गुरू तो. वायट कित्याक करतलो?" आणि तिच्या ताटात आणखी एक घावणा पडला.

परळच्या एका संस्थेत डॉ. ताम्हाणे सरांच्या हाताखाली अक्षदा संशोधन करत होती. डासाची सोंड बारीक थरथरत कातडीत शिरते, म्हणून ती टोचताना कळत नाही. तशीच सुई बनवायची, तान्ह्या बाळांना लस टोचताना रडू येऊ नये म्हणून. स्वप्न सुंदर होतं, आणि म्हणूनच त्यासाठी काय मागितलं जातंय हे कुणी विचारत नसे. रक्त पितात त्या फक्त माद्या, अंडी घालण्यासाठी. त्यांना रबरी पडद्यातून रक्त पाजणारं यंत्र कपाटात होतं. पण सर म्हणत, "जिवंत कातडीची सर रबराला नाही." मग विद्यार्थी आळीपाळीने जाळीच्या पिंजऱ्यात हात घालत आणि कॅमेरा सोंडेची हालचाल टिपत राही. याला तिथे 'हात देणं' म्हणत. सरांनीही तरुणपणी आपल्या गुरूंना हात दिला होता आणि ते अभिमानाने सांगत.

अक्षदाच्या आधी सुचित्रा होती. गरोदर आहे म्हणाली तेव्हा सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "आता आराम कर, बाळा." तिचं काम नील या दुसऱ्या विद्यार्थ्याला गेलं, शोधनिबंधातून नाव गळलं. सुचित्रा आता दादरला शिकवण्या घेते. म्हणून अक्षदा सैल कुर्ते घालू लागली होती.

माणसांपासून लपवता येतं. मागच्या खेपेला तिने दुसऱ्या एका पिंजऱ्यात हात घातला, तर माद्या बाकी जाळी सोडून तिच्याच हातावर उतरल्या. "अक्षदाचा हात म्हणजे जेवणावळच!" सर खुशीत हसले होते. ती हसली नाही. पोटुशीचं अंग जास्त ऊबदार असतं, डासांना तिचा माग आधी लागतो, हे तिने वाचलं होतं. नवऱ्याच्याही आधी बहुधा त्यांनाच कळलं असेल.

परळच्या पुलाखाली पोचते तोच नीलच्या आईचा फोन आला. "अगं, नीलला डेंग्यू निघाला. ॲडमिट केलंय. तुमच्या सरांना मी परवाच कळवलं, तुला बोलले नाहीत?"

अक्षदाने दिवस मोजले. ताप भरण्याच्या आदल्या दिवशी नीलने हात दिला होता. आज तिला हात द्यायचा होता त्याच पिंजऱ्यात. त्यानंतर दहा दिवस त्या माद्यांना साखरपाण्यावरच ठेवलं होतं, आजच्या चित्रीकरणासाठी. एवढ्यात नीलच्या रक्तातले विषाणू त्यांच्या लाळेत उतरले असणार.

प्रयोगशाळेत कॅमेरा लावून सर उभे होते. शेजारी नवी आलेली रुचा, डोळ्यांत नुसतं कौतुक.

"ये गं, उशीर केलास. उपाशी आहेत बिचाऱ्या."

"सर, नीलला डेंग्यू झालाय. हा पिंजरा नष्ट करायला हवा."

"अगं, मुंबईत डेंग्यू काय इथूनच होतो? वर्षभराची मेहनत आहे यात. तुझाच प्रबंध आहे."

"मी हात देणार नाही, सर. मला दिवस गेलेत."

सरांचा चेहरा मायेने मऊ झाला.

"आधी नाही का सांगायचंस? जा, आराम कर, बाळा." ते वळले. "रुचा, तुझा पहिला मान."

रुचा वाकून सरांच्या पाया पडली आणि बाही वर सारू लागली. गोरापान, कोवळा हात. एक ओरखडाही नव्हता त्यावर.

अक्षदाने पर्स खांद्याला लावली होती. तिचं बाळ आता धोक्यातून सुटलं होतं. दारापर्यंत गेलीसुद्धा. पण त्या पोरीलाही कुणीतरी नऊ महिने असंच पोटात जपलं असेल, हा विचार तिला उंबरठा ओलांडू देईना.

ती परत फिरली. पिंजरा दोन्ही हातांनी उचलला, कोपऱ्यातल्या डीप फ्रीजरचं झाकण उघडून आत ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर बसली.

"वेडी झालीस? उठ आधी!" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कुठेही नोकरी मिळणार नाही तुला, मी बघतो!"

"बघा, सर."

खाली पत्र्याआड तिची सगळी मेहनत गुणगुणत होती, हळूहळू मंद होत.

"सर," रुचाने विचारलं. तिची बाही अजून वरच होती. "नीलदादाला डेंग्यू झालाय, हे तुम्हाला माहीत होतं?"